कामावर अपघात झाला तर भरपाईसाठी वकील कसा करावा

हात मशीनमध्ये सापडला, दवाखान्यातून पट्टी बांधून माणूस घरी आला की आठ-दहा दिवसांत एक प्रसंग बहुतेक घरांत घडतो. शेठकडून मुनीम किंवा मुकादम येतो. सोबत मोहल्ल्यातला एखादा वडीलधारा असतो. चहा होतो, दुआ होते, मग पिशवीतून स्टॅम्प पेपर निघतो. "शेठने दवाखान्याचा सगळा खर्च केला, वर हे पन्नास हजार. इथे सही कर, बात खतम." मागच्या काही वर्षांत आमच्या शाळेतल्या पालकांपैकी तिघांनी अशी सही केल्याचे आम्हाला माहीत आहे. त्यातल्या एकाचा मुलगा आठवीत होता. बापाची दोन बोटे गेली आणि पोरगा शाळा सोडून त्याच साच्यावर उभा राहिला. कायद्याने त्या घराचा हक्क किती होता हे आम्ही नंतर काढून पाहिले. त्याचा हिशोब पुढे दिला आहे.

आम्ही शिक्षक आहोत, वकील नाही. पण अर्ज लिहून द्या, दाखला द्या, नावातली चूक दुरुस्त करून द्या, असे म्हणत लोक शाळेतच येतात. त्यातून आणि कामगार न्यायालयात काम करणाऱ्या वकील मित्रांकडून जे समजले ते इथे एकत्र मांडत आहोत.

त्या स्टॅम्प पेपरची किंमत किती?

कायद्याच्या नजरेत जवळजवळ काहीच नाही. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923 सालचा आहे. त्याच्या कलम 17 प्रमाणे कामगाराने भरपाईचा हक्क सोडला किंवा कमी केला असा कोणताही करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, मग तो नोटरी केलेला असो की चार पंचांसमोर लिहिलेला. मालक आणि कामगार यांच्यात रकमेवर खरोखर एकमत झाले असेल तर तो समझोता नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. रक्कम फार कमी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात.

मृत्यू झाला असेल तर नियम आणखी कडक आहे. पूर्ण रक्कम मालकाने आयुक्तांकडे जमा करायची असते. विधवेच्या हातात थेट दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम वजा होऊ शकते.

म्हणून एखाद्याने सही करून टाकली असेल तरी सगळे संपले असे समजू नये. वकिलाला तो कागद दाखवावा, लपवू नये. लाज वाटून लोक ही गोष्ट वकिलाला सांगत नाहीत. मग मालकाचा वकील तोच कागद कोर्टात काढतो आणि आपला वकील तोंडघशी पडतो.

अजून एक गोष्ट. काही शेठ ही रक्कम जकातीतून देतात आणि तसे बोलूनही दाखवतात. जकातीचा मसला आलिम लोकांनी सांगावा. कायद्यापुरते सांगायचे तर भरपाई ही मालकावरची देणी आहे, खैरात नाही. मदत म्हणून दिलेले पैसे घ्यायला हरकत नाही, पण त्या बदल्यात कसलीही सही देऊ नये.

वकिलाकडे जाण्याआधी एक प्रश्न: ईएसआयसी आहे का?

दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या माणसाचा राज्य विमा, म्हणजे ईएसआयसी, कापला जायला हवा. तो असेल तर 1923 च्या कायद्याखाली दावा लावता येत नाही. त्याऐवजी ईएसआयसीकडून कामावर जाता येत नाही त्या काळासाठी सरासरी पगाराच्या 90 टक्के, कायमचे अपंगत्व आले तर दरमहा रक्कम आणि मृत्यू झाला तर वारसांना पेन्शन मिळते. अशा प्रकरणात पहिली फेरी ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात मारावी आणि मालकाने अपघाताची नोंद पाठवली आहे का ते पाहावे. बऱ्याच वेळा वकिलाची गरजच पडत नाही. दावा नाकारला गेला तर विमा न्यायालय आहे, तेव्हा वकील करावा.

ट्रक, टेम्पोवर असलेल्या ड्रायव्हर-क्लीनरचा रस्त्यावर अपघात झाला असेल तर दोन वाटा असतात: मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा नुकसानभरपाई आयुक्त. दोन्हीकडे मागता येत नाही, एकच निवडावी लागते. चूक दुसऱ्या गाडीची असेल तर अनेकदा न्यायाधिकरणात जास्त मिळते. चूक आपल्याच ड्रायव्हरची असेल तर आयुक्तांकडचा रस्ता सोपा पडतो. ही निवड वकिलाशी बोलूनच करावी, कारण एकदा गेले की मागे फिरता येत नाही.

हक्क किती, हे आधी स्वतः काढून पाहा

रक्कम माहीत नसलेला माणूस वकिलाकडेही फसतो आणि शेठकडेही. हिशोब अवघड नाही. आमच्या सातवीच्या पोरांना येईल असा आहे.

कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर महिन्याच्या पगाराचे 60 टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. मृत्यू झाला तर पगाराचे 50 टक्के गुणिले तोच आकडा. हा आकडा कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे: वय 25 ला 216.91, 30 ला 207.98, 35 ला 197.06, 40 ला 184.17. पगार कितीही असला तरी 3 जानेवारी 2020 पासून हिशोबासाठी जास्तीत जास्त 15,000 रुपये धरतात. अपंगत्व अर्धवट असेल तर पहिल्या अनुसूचीत टक्के दिले आहेत. एका हाताची दोन बोटे गेली तर 20, तीन गेली तर 30.

आता समजा 2024 साली तीस वर्षांच्या, महिना 15,000 कमावणाऱ्या कामगाराची दोन बोटे गेली. 15,000 चे 60 टक्के 9,000. त्याला 207.98 ने गुणले की 18,71,820. त्याचे 20 टक्के म्हणजे 3,74,364 रुपये. पन्नास हजारांच्या स्टॅम्प पेपरशेजारी हा आकडा ठेवून पाहा. चाळीस वर्षांचा माणूस त्याच पगारावर कामात गेला तर 13,81,275. मालकाने एक महिन्यात पैसे दिले नाहीत तर वर्षाला 12 टक्के व्याज. सबळ कारण नसताना टाळाटाळ केली असेल तर मूळ रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, म्हणून मेडिकलची बिले फेकू नका.

टक्के नेहमी अनुसूचीवरच थांबतात असेही नाही. 1975 सालच्या एका निकालात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्ण अपंगत्व धरले. विणकराची बोटे, ड्रायव्हरचा पाय, शिलाई करणाऱ्याचा डोळा यांचाही विचार कामाच्या स्वरूपावरून व्हावा असे मागता येते. डॉक्टरचा दाखला आणि त्याची साक्ष लागते ती इथे. वकिलाला पहिल्या भेटीत विचारायचा एक प्रश्न हाच: "डॉक्टरला साक्षीला तुम्ही बोलावणार का, आणि त्याचा खर्च कोणाचा?"

वकील लागतोच का?

कायद्याने सक्ती नाही. अर्ज स्वतः करता येतो. नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही आयुक्तांसमोर उभा राहू शकतो. मालक कबूल आहे, विमा कंपनी कबूल आहे, फक्त रक्कम जमा व्हायची आहे, अशा ठिकाणी युनियनवाल्याने काम होते.

पण आमच्या वस्त्यांमधली खरी लढाई रकमेवर नसतेच. मालक म्हणतो, "हा माझा कामगारच नाही." नेमणूकपत्र नाही, मस्टरवर नाव नाही, मजुरी मीटरवर, हिशोब आठवड्याला, तोही रोखीत. तेव्हा वकील हवा आणि पुरावा त्याहून आधी हवा. मोबाइलवर आलेले पैसे, मुकादमाचे व्हॉट्सअॅप, कारखान्यातला एखादा फोटो, मजुरीची वही, सोबतच्या दोन कामगारांची नावे, हे सगळे पहिल्या आठवड्यात गोळा करा. महिना गेला की सोबतचे कामगार गावी जातात नाहीतर गप्प होतात. कामगार ठेकेदाराचा होता असे मूळ मालकाने सांगितले तरी तो मोकळा होत नाही. त्याच्या धंद्याचेच काम चालू असेल तर भरपाई त्याच्याकडूनही मागता येते. ठेकेदाराकडून वसूल करणे हा त्याचा प्रश्न.

दवाखान्यातला कागद सगळ्यात मोठा. शेठचा माणूस सोबत असतो आणि डॉक्टरला सांगतो, "घरी जिन्यावरून पडला." घाबरलेला कामगार मान हलवतो. पुढे दोन वर्षे कोर्टात हेच एक वाक्य आपल्या विरोधात वाचले जाते. जखम कामावर, मशीनमध्ये झाली असे पहिल्याच केस पेपरवर लिहून घ्या. मृत्यू झाला असेल तर पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम अहवाल पोलिसांकडून मागून घ्या. पोस्टमॉर्टेम नको, दफन लवकर व्हावे, अशी घरच्यांची घाई आम्ही समजू शकतो. पण कामावरच्या मृत्यूत तो अहवाल नसेल तर दावा लंगडा होतो.

"चूक तुझीच होती" हे ऐकून बरेच लोक गप्प बसतात. या कायद्यात साधा निष्काळजीपणा पाहतच नाहीत. नशेत असणे, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडणे, मशीनचे संरक्षक कवच जाणूनबुजून काढणे, एवढ्याच गोष्टींवर मालक वाचू शकतो. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर त्या सबबीही चालत नाहीत.

वकील निवडताना

कामगार न्यायालयात रोज उभा राहणारा वकील शोधा. घराचा दस्त करून देणारा किंवा तलाकची केस चालवणारा वकील चांगला माणूस असेल, पण हे काम वेगळे आहे. सोपा उपाय म्हणजे ज्या कामगाराला पैसे प्रत्यक्ष मिळाले आहेत त्याच्याकडून नाव घ्यावे. ओळखीचा, बिरादरीचा म्हणून वकील करू नका. आम्ही स्वतः एकदा एका पालकाला अशी शिफारस केली होती. वकीलसाहेब नेक होते, पण सात तारखांना आलेच नाहीत.

दवाखान्याच्या दारात कार्ड देणारा माणूस वकील नसतो, दलाल असतो. वकिलांना अशी गिऱ्हाइके गोळा करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. सनद क्रमांक विचारायला संकोच करू नका. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे त्याची नोंद असते.

फीबद्दल सगळ्यात जास्त फसवणूक होते. "आता काही देऊ नका, मिळाले की तीस टक्के द्या," हे ऐकायला गोड वाटते. पण भारतात वकिलाला निकालावर किंवा मिळालेल्या रकमेच्या हिश्श्यावर फी ठरवण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तेलंगणातल्या एका अपघात दाव्याच्या प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले. शिवाय भरपाईची रक्कम दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही आणि जप्तही होत नाही. म्हणून ठरलेली रक्कम बोला: अर्ज लावताना इतके, साक्षी संपल्यावर इतके, निकालावेळी इतके. कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक वेळी पावती मागा. टायपिंग, झेरॉक्स, डॉक्टरची साक्ष यांचा खर्च फीमध्ये आहे की वेगळा, हेही लिहा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही नको. बँक खाते आपल्याच नावाचे द्या.

पैसे नाहीत म्हणून दावा सोडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अटही नाही. म्हणजे मर्हूम कामगाराची बेवा आणि स्वतः जखमी कामगार दोघेही पात्र. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याच्या कोर्टात समिती असते, आणि 15100 हा फोन क्रमांक आहे. मोफत वकिलाने पैसे मागितले तर तिथेच तक्रार करा.

मूळ कागद वकिलाकडे देऊ नका, झेरॉक्स द्या. मूळ कोर्टात दाखवायची वेळ येईल तेव्हा नेता येतात. वकील बदलायचा असेल तर बदलता येतो. फी बाकी आहे म्हणून तो फाइल अडवून ठेवू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितले आहे.

अर्ज कुठे, किती दिवसांत

आधी मालकाला अपघाताची लेखी नोटीस, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. मग अर्ज. महाराष्ट्रात कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आणि काही ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, हेच आयुक्त म्हणून काम पाहतात. अपघात झाला तिथे अर्ज करता येतो, पण कामगार किंवा त्याचे वारस राहतात तिथेही करता येतो. परभणीचा मुलगा पुण्यात कामावर गेला आणि तिथे अपघात झाला, तर आई-बापाने प्रत्येक तारखेला पुण्याला जायची गरज नाही. कित्येक वकील हे सांगत नाहीत, त्यांना आपल्याच शहरात दावा लावणे सोयीचे असते.

मुदत दोन वर्षांची. उशिराचे कारण पटले तर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नये. घरचा माणूस गेला की चार महिने दहा दिवस इद्दतीत जातात आणि "इद्दत झाली की बघू" म्हणता म्हणता वर्ष निघून जाते. वकीलपत्रावर सही घरी बसूनही होते, कागदपत्रे भाऊ किंवा सासरे गोळा करू शकतात, आणि तिची साक्ष व्हायला तसेही बरेच महिने लागतात.

कायद्यात नवा बदल झाला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आणि 1923 चा कायदा तिच्यात सामावला गेला. घरून कामावर जाताना-येताना झालेला अपघात, वेळ-जागा-कारण यांचा कामाशी संबंध असेल तर, कामावरचाच धरला जाईल असे संहितेत स्पष्ट लिहिले आहे. जुन्या कायद्याबाबतही सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये हीच भूमिका घेतली. ते प्रकरण धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या चौकीदाराचे. तो 2003 साली पहाटेच्या ड्युटीला मोटरसायकलने जाताना गेला. आयुक्तांनी 3,26,140 रुपये आणि व्याज दिले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले, सर्वोच्च न्यायालयाने परत दिले. मध्ये बावीस वर्षे गेली. आपला अपघात 21 नोव्हेंबरच्या आधीचा की नंतरचा, आणि अर्ज कोणत्या कायद्याखाली लागतो, हे वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा.

नावे आणि वारस

हे आमच्या शाळेच्या दप्तरातून सांगतो. दाखल्यावर "शेख मोहम्मद", आधारवर "मोहंमद शेख", रेशनकार्डवर "मो. शेख". बायकोचे नाव लग्नाआधीचे एक, नंतरचे दुसरे. विमा कंपनीचा वकील याच फरकावर सहा महिने काढतो. एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच करून ठेवा. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा, कारण आकडा वयावर ठरतो.

मृत्यूची भरपाई वारसाहक्काच्या वाट्यांप्रमाणे वाटली जात नाही. कायद्यात अवलंबितांची यादी आहे. त्यात विधवा, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई यांना आधी स्थान आहे. कोणाला किती हे आयुक्त ठरवतात. कमावता भाऊ किंवा मोठा मुलगा "माझाही हिस्सा" म्हणून मध्ये आला की केस लांबते. म्हणून अर्जात सगळ्या खऱ्या अवलंबितांची नावे घाला, कोणाला वगळू नका. दोन बायका असतील तर दोघींची. वगळलेली व्यक्ती नंतर उभी राहिली की रक्कम अडकते. अज्ञान मुलांचा वाटा बहुतेक वेळा त्यांच्या नावे बँकेत मुदत ठेवीत जातो. घरच्यांना ते आवडत नाही, पण आम्हाला त्यात गैर वाटत नाही.

निकाल लागला आणि मालकाने उच्च न्यायालयात अपील केले तरी आधी त्याला पूर्ण रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते. अपीलही केले नाही आणि पैसेही भरले नाहीत, तर रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे आयुक्तांकडून वसुली दाखला घ्यायचा, तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि पुढे तहसील कार्यालयातून जप्ती होते. ही धावपळ वकिलाच्या ठरलेल्या फीमध्ये धरली आहे का, हे पहिल्याच दिवशीच्या कागदावर लिहून घ्या. निकाल हातात आल्यावर हे बोलायला गेले की नवी फी सुरू होते.